क्रोशे येतं, आता दोन सुयांवर विणायला शिकतेय – वीण तिरकी का जातेय?

रानजाई | २८ नोव्हेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी नाशिकची. क्रोशे करायला लागून २२ वर्षं झाली, नववीत असताना आत्याने सुई हातात दिली तेव्हापासून. तोरणं झाली, ताटावरचे रुमाल झाले, ओळखीतल्या प्रत्येक बाळाला बूट-टोपडं झालं, दोन वर्षांपूर्वी डबल बेडची चादर पण पूर्ण केली. साखळी, मुका खांब, खांब यासाठी आता हाताकडे बघावं पण लागत नाही.

पण दोन सुयांवरचं विणकाम मला कधीच आलं नाही आणि आता ते यायलाच हवंय. कारण सांगते. बाबांचा एक बिनबाह्यांचा करडा स्वेटर आहे, इंदूरच्या मामीने १९९४ साली विणून पाठवलेला, खऱ्या लोकरीचा. बाबा डिसेंबर-जानेवारीत पहाटे गोदाकाठी फिरायला जातात ते तोच घालून. त्याची खालची पट्टी विरून विरून गेली, धागे लोंबायला लागले. मागच्या हिवाळ्यात मी ती पट्टी काढून टाकली आणि मला जे येतं ते केलं, म्हणजे क्रोशेने मुक्या खांबांची पट्टी लावून दिली. दिसायला छान, पण ती ताणतच नाही, कमरेशी बसण्याऐवजी झालरीसारखी बाहेर उभी राहते. बाबा एका शब्दाने काही बोलले नाहीत. पण एक दिवस स्वेटर धुवायला घेतला तर दिसलं की ते ती पट्टी आत दुमडून, वर सेफ्टी पिना लावून घालतायत. ते बघून मला फार वाईट वाटलं आणि त्याच दिवशी ८ नंबरच्या सुया आणल्या.

आता महिना झाला. मामीला फोन करते पण तिचे हात ५० वर्षं विणतायत, तिला ते शब्दात सांगता येत नाही, ती म्हणते "अगं सुलट टाका घाल, मग उलट घाल, बास". व्हिडिओ बघून शिकतेय. टाके घालता येतात (म्हणजे सुईवर पहिली ओळ चढवता येते), सुलट टाका (पुढून व्ही सारखा दिसतो तो) येतो, उलट टाका (पुढून कमानीसारखा दिसतो तो) येतो. नुसत्या सुलट ओळी विणल्या तर तुकडा चांगला चौकोनी आला. पण एक ओळ सुलट एक ओळ उलट असं केलं की ३० टाक्यांचा तुकडा ४० ओळींनंतर सरळ एका बाजूला कलतो, आणि कापड घट्ट, पुठ्ठ्यासारखं लागतं. तीनदा उसवून परत केलं, तीनदा तेच. फोटो टाकलाय. कुणाला काही कळतंय का?

कैरीचंपन्हं | २८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

मला उत्तर माहिती नाही पण धागा वाचणार, मी पण क्रोशेवालीच आणि गेली ५ वर्षं सुया कपाटात पडून आहेत. सेफ्टी पिनांचं वाचून गलबलून आलं गं.

धुकंधुकं | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

घट्टपणाचं एक कारण सुयांचा नंबर असू शकतं. तू व्हिडिओ अमेरिकन बघतेस का? त्यांचा ८ नंबर म्हणजे ५ मिमी. आपल्याकडे दुकानात मिळतात त्यांना जुने ब्रिटिश नंबर असतात, तिथे ८ नंबर म्हणजे ४ मिमी. आणि दिशाच उलटी आहे, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, १० नंबर ३.२५ आणि १२ नंबर २.७५ मिमी, अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड. मी पहिला मफलर याच घोळात वाया घालवला होता. नंबर बघूच नका, मिमी बघा, सुईच्या बोंडावर लिहिलेलं असतं, नाहीतर भोकांची मापपट्टी मिळते ती घ्या.

रानजाई | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

हो!! व्हिडिओ अमेरिकनच आहे. म्हणजे ती ५ मिमी वर विणतेय आणि मी तीच जाड लोकर ४ मिमी वर. पण मग नुसत्या सुलट ओळींचा तुकडा त्याच सुयांवर नीट कसा आला? तो थोडा घट्ट आहे पण तिरका नाही.

शेवंतीकाकू | २९ नोव्हेंबर, दुपारी २:०५

रानजाई, तू शेवटी जे विचारलंस ना तिथेच उत्तर आहे. सुया जाड घेतल्यास तर कापड मऊ होईल पण कल जाणार नाही. मला तीन गोष्टी सांग. धागा कुठल्या हातात धरतेस? उलट टाका घेताना धागा सुईला वरून खाली गुंडाळतेस की सुईच्या टोकाने धागा खालून उचलून घेतेस? आणि तुकडा सुलट बाजूने आडवा ताणून धर आणि दिव्याखाली एकच उभी रांग वरून खाली बघ, सगळे व्ही सारखे दिसतात का एक सोडून एक वेगळा दिसतो? घाई नको, नीट बघून सांग.

ताणाबाणा | २९ नोव्हेंबर, दुपारी ४:३३

मला विणता येत नाही पण आमचं घर सोलापूरचं, लहानपण मागावरच्या चादरींच्या आवाजात गेलं. आपल्या मराठीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, आपण चादर पण विणतो, खाट पण विणतो, टोपली पण विणतो आणि स्वेटर पण विणतो, सगळ्याला एकच शब्द. पण मागावर उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून खालीवर जातो, दोन वेगळे धागे, म्हणून चादर ताणली तर फारशी ताणत नाही. स्वेटरमध्ये उभा धागाच नाही, एकाच धाग्याचे फास एकमेकात अडकवलेले असतात, म्हणून तो सगळीकडून ताणतो. पटत नसेल तर अंगातला बनियन काढून बघा, सुलट बाजूला भिंग लावलं की बारीक बारीक व्ही च्या उभ्या रांगा दिसतात आणि आतून छोट्या कमानी. बनियन, टीशर्ट, मोजे हे सगळं तुमचं सुलट-उलटच आहे, फक्त यंत्रावर केलेलं. मोजे विणायचं यंत्र तर इंग्लंडमध्ये विल्यम ली ने १५८९ मध्येच केलं होतं. आणि क्रोशेचं खरं यंत्र अजून कारखान्यांत आलेलं नाही, बाजारातलं क्रोशे आजही हातानेच होतं, हे तुम्हा क्रोशेवाल्यांना माहिती असेलच.

रानजाई | २९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

ताणाबाणा, बनियनचं आत्ता करून बघितलं, मुलाला पण दाखवलं, तो शाळेचा स्वेटर घेऊन आला आणि त्याच्यावरच्या पण रांगा मोजायला बसला. खूप आभार.

शेवंतीकाकू, १) धागा डाव्या हातात, क्रोशेला धरते तसाच करंगळीला वेढा देऊन तर्जनीवरून. उजव्या हातात धरून बघितला पण मला ते अजिबात जमलं नाही, प्रत्येक टाक्याला हात सोडावा लागतो. २) उलट टाक्याला सुईच्या टोकाने खालून उचलून घेते. व्हिडिओतली बाई वरून गुंडाळते पण मला उचलणं सोपं गेलं म्हणून तसंच करत राहिले. ३) हे तुम्ही सांगितलंत म्हणून आज पहिल्यांदा बघितलं, महिनाभर मी नुसते टाके मोजत होते, टाक्याकडे बघितलंच नव्हतं. एक व्ही खालून उघडा आहे आणि त्याच्या वरचा खालून बंद, दोन पाय एकमेकांवर टाकून बसल्यासारखा. मग परत उघडा, परत बंद. पूर्ण रांग अशीच.

शेवंतीकाकू | ३० नोव्हेंबर, दुपारी १:३०

शाब्बास. सापडलं म्हणायचं. तुझे एकाआड एक ओळीतले टाके पिळले जातायत.

आता सुया हातात घेऊनच वाच. डाव्या सुईवरचा कुठलाही एक टाका बघ. तो सुईवर बसलेला एक फास आहे, घोड्यावर माणूस बसतो तसा, एक पाय तुझ्या बाजूला आणि एक पलीकडे. नेहमीच्या पद्धतीने विणलं असेल तर तुझ्याकडचा पाय किंचित पुढे, म्हणजे सुईच्या टोकाच्या बाजूला झुकलेला असतो आणि आपण त्याच पायातून सुई घालतो, मग टाका मोकळा उघडतो. तू उलट टाका खालून उचलून घेतेस तेव्हा टाका तयार होतो बरोबरच, पण सुईवर बसताना उलटा बसतो, पलीकडचा पाय पुढे आणि तुझ्याकडचा मागे. पुढच्या सुलट ओळीत तू सवयीने तुझ्याकडच्याच पायातून सुई घातलीस की तो पीळ पडून बंद होतो. पिळलेला टाका ताणत नाही म्हणून कापड पुठ्ठ्यासारखं, आणि सगळे एकाच बाजूला पिळतात म्हणून तुकडा कलतो. नुसत्या सुलट ओळींमध्ये उलट टाका कधी येतच नाही, म्हणून तो तुकडा सरळ आला. कळलं?

उपाय सोपा आहे, उलट टाक्याला धागा वरून खाली असा सुईभोवती गुंडाळ. दोन दिवस हात अडखळेल, मग बसेल.

चाफा_म्युनिक | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

काकूंचं निदान एकदम बरोबर, पण उपायाबद्दल माझं वेगळं मत आहे. रानजाईला तिचा उलट टाका बदलायची गरज नाही असं मला वाटतं. डाव्या हातात धागा धरणाऱ्यांना तो खालून उचललेला उलट टाका खूप सोपा आणि एकसारखा पडतो. तो तसाच ठेवायचा आणि पुढच्या ओळीत सुलट टाका पलीकडच्या पायातून घ्यायचा, म्हणजे जो पाय पुढे आहे त्यातूनच सुई जाते आणि पीळ पडत नाही. याला कॉम्बिनेशन पद्धत म्हणतात, जगात पुष्कळ लोक असंच विणतात.

मी इकडे जर्मनीत आल्यावर शिकले, इथे सगळ्या बायका डाव्या हातात धागा धरूनच विणतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली "हे कसलं चुकीचं विणतेस", कारण आपल्याकडे बहुतेकींना इंग्रजी पद्धत शिकवलेली, धागा उजव्या हातात आणि प्रत्येक टाक्याला सुईवर टाकायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत ही डाव्या हाताची पद्धत जर्मन म्हणून नकोशी झाली होती. नंतर एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९), जन्माने इंग्लिश आणि पुढे अमेरिकेत स्थायिक, तिने टीव्हीवर शिकवून ती परत लोकांपर्यंत नेली. तेव्हा चूक-बरोबर असं काही नाही. क्रोशेवालीचा डावा हात धागा सोडायला आणि आवळायला आधीच शिकलेला असतो, २२ वर्षांची ती मेहनत फेकून देऊन उजव्या हाताने नवशिक्यासारखं कशाला सुरू करायचं?

शेवंतीकाकू | १ डिसेंबर, दुपारी १२:५०

चाफा, डाव्या हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मी स्वतः उजव्या हाताने विणते पण माझी सून डाव्याने विणते आणि माझ्यापेक्षा भरभर विणते. काळजी एवढीच की उलटे बसलेले टाके ठेवले तर गळ्याला आणि मुंढ्याला कमी करताना दोन टाके एकत्र घेतले की ते पिळतात किंवा भलत्याच बाजूला झुकतात, आणि पुस्तकातलं वर्णन तुझ्या सुईवर जुळत नाही. शिकणाऱ्याला तिथे परत रडू येतं. म्हणून म्हटलं आधी सरळ पद्धत. पण ज्याला टाका बघून ओळखता येतो त्याने कसंही विणावं.

धुकंधुकं | १ डिसेंबर, दुपारी ३:१८

दोघींचं मिळून एकच वाक्य होतंय ना, जो पाय पुढे असेल त्यातून सुई घाला. बाकी हात कुठला का असेना. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाया गेलं नसतं.

रानजाई | ३ डिसेंबर, रात्री ११:३५

तीन दिवस रोज रात्री दोन्ही करून बघितलं. काकूंच्या पद्धतीने वरून गुंडाळून २० ओळी, चाफाच्या पद्धतीने २० ओळी, मध्ये लाल धाग्याची खूण. दोन्ही भाग सरळ!! कापड मऊ, ताणलं की ताणतं आणि सोडलं की परत जागेवर. कडा मात्र गुंडाळल्या जातात, बाजूच्या मागे आणि वरखालच्या पुढे, ते माझं चुकतंय का?

मी चाफाची पद्धत घेणार, हात त्यातच चालतो. पण काकूंनी जे सांगितलं ते मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका थांबून बघते, कुठला पाय पुढे आहे ते.

एक गोष्ट मला या तीन दिवसात खरी कळली. क्रोशेत आपल्या सुईवर एकच टाका जिवंत असतो, सुई काढून ठेवली, मांजरीने पाडली, तरी फार तर दोन खांब उसवतात. म्हणून आपण न बघता बिनधास्त करतो. इथे ३० च्या ३० टाके एकावेळी उघडे असतात. परवा एक सुटला आणि माझ्या डोळ्यादेखत शिडीसारखा खाली खाली गेला, मी सुया तशाच धरून बसले, हलायची भीती वाटत होती.

कैरीचंपन्हं | ४ डिसेंबर, सकाळी ८:०२

मग काय केलंस? मी याच भीतीने सोडलं होतं.

रानजाई | ४ डिसेंबर, रात्री ९:४८

कैरी, इथे आपलं क्रोशेच कामाला आलं. सुटलेला टाका ११ ओळी खाली गेला होता, वर नुसते आडवे धागे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. मी क्रोशाची ३.५ मिमीची सुई घेतली, खालच्या फासात पुढून घातली, त्याच्या लगेच वरची पायरी हुकात धरली आणि फासातून ओढून घेतली. आपली साखळीच की ती! उभी साखळी. मग पुढची पायरी, मग पुढची, ११ वेळा, आणि शेवटचा फास डाव्या सुईवर ठेवला, पाय नीट बघून. नंतर ताणून शोधलं तर कुठे सुटला होता ते मला पण सापडेना. उलट बाजूचा टाका असेल तर तुकडा फिरवून सुलट बाजूने हेच करायचं. तू क्रोशे करतेस म्हणजे तुला हे येतंच आहे, फक्त माहिती नव्हतं. सुया काढ कपाटातून.

चाफा_म्युनिक | ४ डिसेंबर, रात्री १०:३०

अजून एक आपल्या कामाचं, टाके क्रोशाच्या सुईने पण घालता येतात. विणायची सुई डाव्या हातात, धागा तिच्या मागे ठेवायचा आणि क्रोशाच्या सुईने तिच्यावरून साखळी घालत जायचं, प्रत्येक साखळीला सुईवर एक टाका. ती कड शेवटी टाके बंद करतो त्या कडेसारखीच दिसते, मफलरची दोन्ही टोकं जुळतात.

आणि कडा गुंडाळणं ही तुझी चूक नाही, एक ओळ सुलट एक ओळ उलट या विणीचा तो स्वभावच आहे, सुलट आणि उलट बाजूची ओढ सारखी नसते. म्हणून तर स्वेटरला खाली एकाच ओळीत एक टाका सुलट एक टाका उलट अशी पट्टी घालतात, त्यात दोन्ही ओढी शेजारी शेजारी येतात आणि ती आवळून बसते. बाबांच्या स्वेटरला तेच हवंय.

रेवाकाठ | ५ डिसेंबर, सकाळी ११:११

धागा वाचताना आजीची आठवण आली. १९६२ च्या युद्धात जवानांसाठी स्वेटर विणून पाठवायचे म्हणून तिच्या वाड्यातल्या सगळ्या बायका दुपारी जेवणं आटपून ओट्यावर बसायच्या, ज्यांना विणता येत नव्हतं त्या लोकरीच्या लड्यांचे गुंडे करून द्यायच्या. आजी तेव्हाच शिकली, शेजारणीच्या हाताकडे बघून. ती पण म्हणायची की हाताकडे नको, टाक्याकडे बघ. मला तेव्हा अर्थ कळला नव्हता, तुमची चर्चा वाचून आज कळला.

शेवंतीकाकू | ५ डिसेंबर, दुपारी २:४०

रानजाई, आता बाबांच्या स्वेटरचं. तुझ्या मामीने खालून वर विणला असणार, आपल्याकडे तसेच विणतात. टाके बंद करतो त्या टोकाकडून स्वेटर झरझर उसवतो, घालतो त्या टोकाकडून तसा उसवत नाही, प्रत्येक टाक्यात धागा अडकतो. म्हणून खालून ओढत बसू नकोस, लोकर जुनी आहे, तुटेल.

असं कर. आधी तुझी क्रोशेची पट्टी सोडव. बाजूच्या शिवणी खालून ३-४ बोटं उघड. पट्टी संपून साधी वीण जिथे सुरू होते त्याच्या दोन ओळी वर, एका ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायाखालून पांढरा सुती दोरा बोथट सुईने ओवत जा, या काठापासून त्या काठापर्यंत. ओळ सोडायची नाही, हे काम दिवसा उजेडात कर. मग त्याच्या लगेच खालच्या ओळीत, मधोमध, एकच धागा कात्रीने काप आणि सुईच्या टोकाने एक एक टाका मोकळा करत दोन्ही बाजूंना सोडवत जा. खालचा खराब भाग वेगळा होऊन हातात येईल आणि वरचे टाके पांढऱ्या दोऱ्यावर लटकतील. ते १२ नंबरच्या म्हणजे २.७५ च्या सुईवर घे आणि खालच्या दिशेने एक सुलट एक उलट विण. काठाला अर्धा टाका मिळतो, एखादा कमी-जास्त झाला तर पहिल्या ओळीत जुळवून घे. शेवटी टाके बंद करताना १० नंबरची सुई घे आणि हात सैल सोड, नाहीतर पट्टी डोक्यातून, छातीवरून उतरणार नाही. आधी त्याच लोकरीच्या जाडीच्या तुकड्यावर हे सगळं एकदा करून बघ. कात्री लावायला मन होणार नाही, मला पण पहिल्यांदा झालं नव्हतं.

रानजाई | ५ डिसेंबर, रात्री १०:५८

काकू, दोनदा वाचलं. सरावाच्या तुकड्यावर उद्यापासून. मनापासून आभार.

कैरीचंपन्हं | ११ डिसेंबर, रात्री ८:२६

सुया काढल्या. ४० टाके घातले, क्रोशाने. आज १६ ओळी झाल्या आणि एक टाका मुद्दाम सोडून परत उचलला, भीती घालवायला. जमला!

रानजाई | २९ डिसेंबर, रात्री ११:०४

झालं मंडळी. उशीर झाला लिहायला.

सरावाचे दोन तुकडे कापले आणि परत विणले, दुसरा नीट आला. मग रविवारी सकाळी गच्चीत उन्हात स्वेटर घेऊन बसले. पांढरा दोरा ओवायलाच सव्वा तास गेला, पुढच्या भागात १२६ टाके, करड्या लोकरीत पाय दिसत नाहीत म्हणून खाली पांढरा टॉवेल ठेवला. मग कात्री. एक धागा कापला, टोकाने उचलला, आणि त्याच्या वरचा फास सुटा होऊन उभा राहिला. उसवला नाही, पळाला नाही, नुसता उभा, पांढऱ्या दोऱ्यावर. मामीने १९९४ साली घातलेला तो टाका, बाहेरून लोकर विटून फिकट झालीय पण फासाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कधी लागलंच नव्हतं, तिथे अजून मूळचा गडद करडा रंग होता. मी मामीला लगेच व्हिडिओ कॉल लावला आणि तो टाका जवळ धरून दाखवला. ती खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली "उजव्या बाजूने सुई घाल, पिळू नकोस".

तोच करडा रंग मिळाला नाही, तीन दुकानं फिरले. शेवटी गडद निळी घेतली, चोरून जुळवण्यापेक्षा वेगळी दिसलेली बरी. एक सुलट एक उलट, २४ ओळी, पुढे आणि मागे. सुरुवातीच्या चार ओळी प्रत्येक टाक्याला थांबून पाय बघत होते कारण या पट्टीत माझ्या पद्धतीने एक टाका सरळ बसतो आणि शेजारचा उलटा, म्हणजे सुलट टाके सगळे पलीकडच्या पायातून आणि उलट टाके अलीकडच्या पायातून. पाचव्या ओळीपासून हाताला कळायला लागलं. टाके १० नंबरच्या सुईने सैल बंद केले, शिवणी घातल्या, कोमट पाण्यातून काढून टॉवेलवर पसरून वाळवला.

आज सकाळी बाबांनी घातला. आरशासमोर उभं राहून दोन्ही हातांनी पट्टी खाली ओढली, सोडली, ती परत कमरेशी जाऊन बसली. परत एकदा ओढली, परत सोडली. मग सेफ्टी पिनांची डबी देवघराशेजारच्या कप्प्यात ठेवून फिरायला गेले.

आता मुंढ्याच्या पट्ट्या पण विरल्यात, त्या पण निळ्याच करते. पण तिथे टाके ओळींच्या काठावरून उचलायचे ना, तर प्रत्येक ओळीला एक उचलायचा का? तसं केलं तर झालर होईल अशी मला शंका आहे.

शेवंतीकाकू | ३० डिसेंबर, दुपारी १:१५

शंका अगदी बरोबर आहे. टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, म्हणून प्रत्येक ओळीला एक उचलला तर पट्टी फुलते. चार ओळींना तीन उचल, तीन घे, एक सोड. मुंढ्याच्या तळाला जिथे टाके बंद केलेत तिथे मात्र एकाला एक. काखेच्या शिवणीपासून सुरुवात कर म्हणजे जोड दिसणार नाही. आणि उचलायला क्रोशाचीच सुई घे.

रानजाई | ३० डिसेंबर, रात्री १०:२०

तीन घे, एक सोड. उचलले, १०८ आलेत, विभागून सगळीकडे सारखे दिसतायत. फोटो टाकलाय, काठ बघून सांगा ना, मग पहिली ओळ घालते.